एका टनातले वाटेकरी

आर्थिक विषमतेवर उपाय सांगणाऱ्यांचे आपल्याकडे दोन जुने पंथ आहेत. पहिला म्हणतो, जिथं साचलंय तिथून करानं घ्या आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी खर्च करा. दुसऱ्याचं म्हणणं, आधी कमाईच्या साधनांची मालकीच अनेकांत वाटा, म्हणजे नंतर मागून घेण्याची वेळ येत नाही. महाराष्ट्रानं दोन्ही करून पाहिलं आहे. पहिल्या वाटेनं रोजगार हमी योजना आली, दुसरीनं सहकारी साखर कारखाना. या संवादातली आत्या प्राप्तिकर खात्यातून निवृत्त झालेली, पुण्यात राहणारी. भाचा वाळवा तालुक्यात सात एकर ऊस लावणारा, कारखान्याचा सभासद. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्या तोंडचे कायदे आणि आकडे मात्र नोंदीतले आहेत.

भाचा : संपत्ती कर परत आणा, वारसा कर परत आणा, असं तू परवा फोनवर अर्धा तास सांगत होतीस. आत्या, निवृत्त झालीस तरी खातं काही सुटत नाही तुझं.

आत्या : खातं सुटलं, आकडे सुटत नाहीत. ‘वर्ल्ड इनइक्वालिटी लॅब’च्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये भारताचा हिशेब मांडला. २०२२-२३ साली देशाच्या एकूण संपत्तीपैकी ४०.१ टक्के वरच्या एक टक्का लोकांकडे होती. खालच्या निम्म्या देशाकडे सगळी मिळून ६.४ टक्के. उत्पन्नातही वरच्या एक टक्क्याचा वाटा २२.६ टक्के. १९२२ पासूनच्या नोंदी तपासल्या तर इतका तो कधीच नव्हता, इंग्रजांच्या काळातही नाही.

भाचा : रोगाबद्दल माझा वाद नाही. औषधाबद्दल आहे. हे दोन्ही कर आपल्याकडे होते ना? किती वर्षं होते आणि किती पैसे आले, तूच सांग.

आत्या : इस्टेट ड्यूटी १९५३ ते १९८५. संपत्ती कर १९५७ ते २०१५. रद्द झाली तेव्हा इस्टेट ड्यूटीतून वर्षाला वीसेक कोटी येत होते. संपत्ती करातून २०१३-१४ साली १,००८ कोटी.

भाचा : एवढ्या मोठ्या देशात एक हजार कोटी! त्यासाठी नोटिसा, मूल्यांकनं, अपिलं. आणि प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर १९७३-७४ साली अधिभारासकट ९७.७५ टक्के होता, तेही तुझ्याच खात्यात. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये ठेवून बाकीचे सरकारला द्यायला कोण तयार होईल? माणसं पैसा लपवायला शिकली. तेवढंच त्या करांचं फळ.

आत्या : तो दर मूर्खपणाचा होता, हे मी नोकरीत असतानाही म्हणायचे. संपत्ती कराचं मात्र नीट ऐक. १९९३ पासून त्यातून शेअर आणि रोखे वगळले. ते ‘उत्पादक’ म्हणून त्यांना सूट. राहिलं काय? रिकामा प्लॉट, जादा घर, मोटार, दागिने. म्हणजे आजीच्या पाटल्या मोजायच्या आणि नातवाची कंपनी मोजायची नाही. देशातली मोठी संपत्ती शेअरमध्ये जात होती, नेमक्या त्याच वर्षांत आम्ही शेअरकडे पाठ केली. मग बावीस वर्षांनी सांगितलं, या करातून काही मिळत नाही. अगं, मिळेल कसं?

भाचा : मला ‘अगं’ म्हणालीस.

आत्या : संतापले की समोर कोण आहे ते दिसत नाही मला. वारसा कराचंही तेच. मरणाआधी बक्षीसपत्रं करायची, एकत्र कुटुंबाची वेगळी फाइल उघडायची. पळवाटा बुजवायचं सोडून आम्ही रस्ताच बंद केला. पुढं २०१९ साली कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. पण पेट्रोल भरताना किंवा साबण घेताना तू आणि तुझा सालगडी सारखाच कर भरता, तिथं कोणाला दया आली नाही.

भाचा : समज, तुझ्या मनासारखं झालं. वरच्यांकडून पैसे आले. ते खाली पोचवणार कोण? मंत्रालय, जिल्हा, तालुका. मिळालेला माणूस ‘लाभार्थी’ ठरणार. रांगेत उभा राहणार, कागद जोडणार, फोटो काढून घेणार. माझा मार्ग वेगळा आहे. लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. वैकुंठभाई मेहतांनी सरकारी बळ दिलं. १९५० च्या हंगामात प्रवरेचा कारखाना उभा राहिला. कारखाना म्हणजे शेटजीचा, हे तोवर ठरलेलंच होतं. तिथं दोन एकरवाला शेतकरी मालक झाला. शेअर कितीही असोत, मत एकच. त्यातून पुढं शाळा निघाल्या, दवाखाने, दूध संघ. कोणी कोणाला लाभार्थी म्हटलं नाही.

आत्या : सरकारी भागभांडवल आणि कर्जाला सरकारची हमी होती, हे विसरू नकोस. तो पैसा करातूनच आला होता.

भाचा : बी सरकारचं असेल, पीक आमचं.

आत्या : आणि पुढं आजारी पडलेले कारखाने लिलावात निघाले, तेव्हा सभासदाच्या त्या एका मताचं काय झालं? आज राज्यात गाळप करणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी जवळपास निम्मे खासगी आहेत.

भाचा : संचालकांनी खाल्लं, हे मी तुझ्याआधी म्हणतो. सर्वसाधारण सभेत ‘मंजूर, मंजूर’ ओरडून विषयपत्रिका दहा मिनिटांत संपते, हेही बघितलंय. पण खासगी कारखान्याच्या फाटकावर मला तोही हक्क नाही. तिथं मी फक्त ऊस घालणारा.

आत्या : बरं. आता माझ्या बाजूचं उदाहरण ऐक. १९६९ साली वि. स. पागे यांनी तुमच्याच जिल्ह्यात, तासगावच्या विसापुरात एक प्रयोग केला. जो काम मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळानं तो राज्यभर नेला. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आला? १९७५ च्या कायद्यानं नोकरदारांवर, धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापून आटपाडीच्या बाईला काम. आणि ते मागण्याचा तिला कायदेशीर हक्क. केंद्रानं असा कायदा केला तो २००५ साली.

भाचा : पागेसाहेबांबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण तुझ्या त्या व्यवसाय कराकडे बघ. वर्षाला २,५०० रुपये ही कमाल मर्यादा, घटनेच्या कलम २७६ मधली, १९८८ पासून हललेली नाही. महिना बारा हजार मिळवणारा सुरक्षारक्षकही अडीच हजार भरतो आणि महिना पन्नास लाख मिळवणारा त्याचा साहेबही अडीच हजारच भरतो.

आत्या : ती मर्यादा कालबाह्य आहे. बदलायलाच हवी.

भाचा : थांब, दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. रोजगार हमीवर बायकांनी खडी फोडली, माती वाहिली, पाझर तलाव झाले. त्या पाण्यानं विहिरी कोणाच्या भरल्या? ज्यांची जमीन खाली होती त्यांच्या. त्यात आमचीही एक आहे. मजुरी मिळाली, जीव वाचले. काम संपल्यावर मात्र त्या बायकांच्या हातात काही राहिलं नाही आणि आमच्याकडे पाणी राहिलं. म्हणून म्हणतो, मजुरी देऊन विषमता हटत नाही. मालकी लागते.

आत्या : छान बोललास. आता हेच वाक्य तुझ्या उसाच्या फडात उभं राहून बोल.

भाचा : कळलं, कुठं नेतेस ते.

आत्या : दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. कोपीत राहायचं, पहाटे फडात जायचं, गाडी भरायला रात्रीही उठायचं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. दोघांनी मिळून दिवसात दोन टन तोडला तर माणशी ३६६ रुपये. खाडा झाला की दंड. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी आणि दुखणं म्हणजे खाडा, आणि खाडा परवडत नाही. तुझ्या मालकीच्या स्वर्गात ही माणसं कोणत्या रकान्यात आहेत?

भाचा : तू पुण्यात बसून मला खलनायक करतेस. माझा हिशेब बघ. २०२४-२५ साठी एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, होती सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये. आमच्याकडे उतारा चांगला, म्हणून थोडी जास्त बसते. त्यातून तोडणी-वाहतुकीचे आठ-नऊशे रुपये माझ्याच बिलातून वजा होतात. म्हणजे ३४ टक्के वाढ कारखान्यानं दिली नाही, ती मी दिली. त्याशिवाय टोळी फडात आली की खुशाली मागते. नाही दिली तर ऊस उभा राहतो, वाळतो, तुरे येतात. उचल घेऊन पळालेल्या टोळ्यांमुळे किती वाहतूकदार बुडाले, त्यांचीही कर्जं आहेत. वरचा एक टक्का सोडून तू आम्हा दोघांनाच एकमेकांसमोर उभं करतेस.

आत्या : उभं मी केलेलं नाही, त्या वजावटीनं केलंय. कारखान्याच्या हिशेबात तुझा भाव आणि त्यांची मजुरी एकाच खिशातून जाते, म्हणून त्यांचा रुपया वाढला की तुझा कमी होतो. डिस्टिलरीचा, विजेचा, इथेनॉलचा पैसा या भांडणापासून लांब बसलेला असतो.

भाचा : अगदीच लांब नाही. राज्याचा २०१३ चा ऊसदर कायदा आहे. साखर आणि उपपदार्थ मिळून जे उत्पन्न येईल त्याचे ७० टक्के शेतकऱ्याला, ३० कारखान्याला. नुसती साखर धरली तर ७५ टक्के.

आत्या : तेच तर. कायद्यानं वाटणी केली, आणि वाटेकरी किती? दोन. ऊस ज्याचा तो आणि यंत्रं ज्याची तो. ज्यानं कापून, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवला तो वाटणीत नाहीच. तो खर्चाच्या बाजूला, डिझेलच्या शेजारी. तुझा भाव नफ्याबरोबर वर जाऊ शकतो. त्याच्यासाठी दर तीन-चार वर्षांनी कोयता बंद करून बसावं लागतं.

भाचा : पण सभासद व्हायचं तर ऊस हवा. ऊस हवा तर जमीन हवी. सहकार हा उत्पादकांचा आहे. मी काही कोणाला दाराबाहेर ठेवलेलं नाही.

आत्या : तू आत कसा आलास?

भाचा : म्हणजे?

आत्या : शेअर तुझ्या नावावर कसा आला?

भाचा : अण्णा गेल्यावर वारसनोंद झाली.

आत्या : आणि जमीन?

भाचा : जमीन… आत्या, तू स्वतः हक्कसोडपत्रावर सही केलीस. स्वखुशीनं.

आत्या : केली. ‘स्वखुशीनं’ त्या कागदावर लिहूनच आणतात. १९९४ साली राज्यानं आणि २००५ साली केंद्रानं मुलींना जन्मानं वाटा दिला आणि मग गावोगाव बहिणी दुय्यम निबंधकाकडे सही करायला गेल्या. मला नोकरी होती, पेन्शन होती, माहेर तुटू नये असं वाटलं. मी काही मागत नाहीये, घाबरू नकोस. सांगते एवढंच की तुझं सभासदत्व मेहनतीनं टिकलं असेल, आलं मात्र जन्मानं. मलबार हिलच्या पोराला कंपनी मिळते तसंच. रकमेत जमीन-अस्मानाचा फरक आहे, रीत एकच. म्हणून मी वारसा कराचं बोलते. मोठी रक्कम एका पिढीकडून दुसरीकडे जाताना समाजानं थोडा वाटा मागावा, एवढंच त्यात आहे.

भाचा : आणि तो कर आला की सात एकरवाला पहिला सापडतो.

आत्या : सूट इतकी वर ठेवायची की सत्तर एकरवालाही त्यात येणार नाही.

भाचा : आज वर ठेवशील. महागाई वाढेल, मर्यादा तिथंच राहील. अडीच हजारांची मर्यादा छत्तीसहून जास्त वर्षं हलली नाही, हे आत्ताच बोललो. सरकार सोयीचं तेवढंच हलवतं.

आत्या : मग महागाईला जोडून मर्यादा कायद्यातच लिहायची. तुझी शंका रास्त आहे, त्यावर उपाय आहे. तुझ्या सहकाराला मात्र उपाय दिसत नाही, कारण तू म्हणतोस जमीन नाही तर हक्क नाही. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीप्रमाणे नव्हे, घरातल्या माणसांप्रमाणे वाटलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. मालकी वाटायची तर अशीही वाटता येते.

भाचा : आणि उसाला बंदी! तो नियम सोयीस्कर विसरलीस.

आत्या : विसरले नाही. तू सांगशील याची खात्री होती.

भाचा : गंमत सोड. पाणी पंचायत मोजक्या गावांपलीकडे गेली नाही. कारण जिथं आधीच कोणाचा तरी हक्क बसलेला असतो तिथं नवा वाटेकरी घेणं अवघड असतं. नायगावात पाणी नव्यानं आलं, म्हणून नव्यानं वाटता आलं. आमच्याकडे कालवे, विहिरी, पाइपलाइनी, कर्जं, सगळं ठरून गेलंय.

आत्या : हे पटलं. म्हणजे असं काही शोधायला हवं जे अजून ठरून गेलेलं नाही.

भाचा : एक आहे. एफआरपी ठरलेली, ती मी सोडणार नाही. माझं पीककर्ज तिच्यावर बसलंय. पण हंगाम संपल्यावर त्या ७०-३० च्या हिशेबानं जे एफआरपीच्या वर निघतं, ते दरवर्षी नव्यानं ठरतं. इथेनॉल चांगलं गेलं तर जास्त, नाही तर शून्य. त्यात तिसरा वाटेकरी घेता येईल. कारखान्याच्या ३० मधून काही, आमच्या ७० मधून काही.

आत्या : आणि तो पैसा मुकादमाच्या हातात?

भाचा : नाही. टनाची नोंद वजनकाट्यावर होतेच, गाडीगणिक पावती निघते. टोळीतल्या माणसांची नावं हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यानं नोंदवायची. कोयता म्हणून एक नाव लिहायचं नाही. नवऱ्याचं वेगळं खातं, बायकोचं वेगळं.

आत्या : हे मी माझ्या वारसा कराच्या आधी मान्य करीन. आता सरकारनं ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ काढलंय. कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे, सरकारनं तेवढेच घालायचे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास गाळप होतं. म्हणजे दोन्ही मिळून दोनशे कोटी. मजूर किती, याचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत जातात. दहा धरले तर माणशी वर्षाला दोन हजार.

भाचा : त्यात वसतिगृहं, विमा एवढं होईल. पोरांचं शिक्षण सुटणार नाही, हेही थोडं नाही. आई-बाप फडात गेल्यावर मुलं गावात राहून शिकली, तर पुढच्या पिढीत कोयता थांबेल.

आत्या : म्हणून म्हणते, दोन्ही लागतं. महामंडळाच्या पैशानं मूल शाळेत राहील. हिशेबातल्या वाट्यानं त्याची आई उचलीशिवाय दिवाळी करू शकेल. पहिलं करातून येईल, दुसरं मालकीतून. आपण दोघं तासभर भांडलो ते कोणतं आधी यावर.

भाचा : नाही, त्यावर नाही भांडलो. तू कायद्यानं करायचं म्हणतेस, मी सभेत ठराव करून. आमच्यावर वरून लादलं तर कारखाने टोळ्या कमी करतील, तोडणी यंत्रं आणतील. तशी ती येऊ लागलीच आहेत. मग तुझ्या वाटेकऱ्याच्या हाती वाटा नाही आणि मजुरीही नाही.

आत्या : यंत्रं तशीही येणार. प्रश्न एवढाच की ती येतील तेव्हा या माणसांचं नाव एखाद्या हिशेबात असेल की नसेल. नाव असेल तर यंत्राच्या फायद्यातला वाटा मागता येईल. नाव नसेल तर त्यांना काढून टाकायलाही नोटीस लागणार नाही. आणि ठरावाचं म्हणशील तर मला सांग, तुझ्या सभेत तो मंजूर होईल?

भाचा : पहिल्या वर्षी नाही. ‘चांगल्या वर्षी वाटा घेणार, मग वाईट वर्षी तोटाही घेणार का?’ असं कोणीतरी उठून विचारणारच.

आत्या : काय उत्तर देशील?

भाचा : अवकाळी पाऊस झाला की फडात चिखल होतो, गाडी आत जात नाही, चार-चार दिवस तोडणी बंद राहते. त्या दिवसांची मजुरी त्यांना कोणी देत नाही. कारखाना बंद पडला तर उचल मात्र अंगावर राहते. म्हणजे वाईट वर्षाचा तोटा ते आधीपासूनच घेतायत. चांगल्या वर्षाचं तेवढं राहिलंय, असं सांगीन.

आत्या : हे सभेत बोललास तर ठराव पडला तरी चालेल. इतिवृत्तात त्याची नोंद मात्र करून घे. कायदा करायला लावायचा तर ‘सभासदांपुढे मांडलं होतं, त्यांनी नाकारलं’ हा पुरावा लागेल मला.

भाचा : आणि मंजूर झाला तर?

आत्या : तर तुझा मार्ग बरोबर होता हे मान्य करून मी कारखान्याची जाहीर माफी मागीन. पण एका अटीवर. मंजूर झालेल्या ठरावात टनामागे किती, ते रुपयांत लिहिलेलं हवं. ‘यथाशक्ती’ नको.

भाचा : दहा रुपयांनी सुरुवात करतो.

आत्या : वीस.

भाचा : पंधरा, आणि त्यातले निम्मे कारखान्याच्या तीस टक्क्यांतून.

आत्या : निम्म्याहून जास्त. डिस्टिलरी त्यांची आहे.